टिकल्यांचा नकाशा

सरांच्या माडीवरची खोली मिळवायची तर दोन परीक्षा द्याव्या लागायच्या. पहिली काकूंची. ती दारातच व्हायची. "आडनाव काय? गाव कोणतं? खोलीत अंडी शिजवणार का?" माझं आडनाव ऐकून काकूंनी दोन क्षण माझ्या चपलांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पाचोडचे का? बरं, या आत." झालं, मी पास.

दुसरी परीक्षा सरांची. ते बैठकीत बशीत चहा ओतून फुंकत बसले होते. अंगात बनियन, गळ्यात मे महिन्यातसुद्धा मफलर. कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मला वाटलं, मार्क विचारतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या पाचोडच्या घरी शेतावर कामाला कोण असतं?"

"सुखदेवमामा."

"ते चहा कुठं बसून पितात? आणि कशातून?"

मी पटकन सांगून टाकलं, "आमच्यासोबतच की, सर. ओट्यावर. आमच्यासारख्याच कपातून."

सरांचा चेहरा असा खुलला की मलाच लाज वाटली. "अगं, एक लाल दे गं!" त्यांनी स्वयंपाकघराकडं हाक मारली. काकू कपाळाला हात लावत टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. सरांनी एक लाल टिकली सोडवली, जिन्यात गेले आणि भिंतीवरच्या नकाशात पाचोडवर अंगठ्यानं दाबून चिकटवली.

मी धडधडीत खोटं बोलले होते. आमच्या सुखदेवमामांचा काचेचा गिलास गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. ते तो स्वतः विसळून आणायचे आणि आई वरून चहा ओतायची, गिलासाला किटली लागू न देता. याच मामांच्या खांद्यावर बसून मी आठवडी बाजारात रेवड्या खाल्लेल्या. मामा म्हणायचं आणि वरून ओतायचं, आमच्याकडं दोन्ही एकदम चालायचं. खोली हातची जाईल म्हणून खोटं बोलले, असं मी पुढं स्वतःला लई दिवस समजावलं. पण खोलीचा तसा काही संबंध नव्हता. खरं सांगायची शरम वाटली, एवढंच. आणि मग तीन वर्षं जिना चढताना-उतरताना ती लाल टिकली माझ्याकडं बघत राहिली.

आता हे नकाशाचं प्रकरण सांगते. समर्थनगरमधल्या त्या घरात जिन्याची भिंत ही सरांची प्रयोगशाळा होती. औरंगपुऱ्यातून आणलेला जगाचा मोठा नकाशा आणि त्याला खेटून महाराष्ट्राचा. सरांचे विद्यार्थी कुठं कुठं पांगलेले. जो जाईल त्याच्याकडून सर वचन घ्यायचे, की तिकडं गेल्यावर मला एवढं कळवा: तुमच्या ऑफिसात किंवा घरात झाडलोट करणारा माणूस चहा कुठं पितो, कशातून पितो, आणि त्याला हाक काय मारतात. पगार विचारायचा नाही. "पगार माणूस एक तर चढवून सांगतो, नाहीतर उतरवून," सर म्हणायचे. "बसायची जागा खोटी सांगता येत नाही."

हे वाक्य आलं की मी पटकन माडीवर सटकायची.

मालक आणि नोकर एका जागी, एकसारख्या कपातून पीत असतील तर लाल टिकली. नसतील तर काळी. जगाच्या नकाशात जिथं गेला तिथली, महाराष्ट्राच्या नकाशात ज्याच्या-त्याच्या गावची. टिकल्या काकूंच्या, गुलमंडीवरून आणलेल्या. काकू चिडायच्या, "माझ्या कपाळाला टिकली मिळेना, आणि ब्राझीलला दोन-दोन!"

सर आम्हा पोरांना नावानं हाक मारतच नसत, गावानं मारत. मी त्यांच्यासाठी 'पाचोड' होते. "पाचोड, खाली या, लासूर स्टेशनचा फोन आलाय मस्कतहून." म्हणजे लासूर स्टेशनचा एक मुलगा मस्कतला इंजिनिअर होता, त्याचा फोन. एक 'बिडकीन' स्वीडनमध्ये होती, एक 'कन्नड' ब्राझीलमध्ये. सरांना मोबाइलवर मराठी टाइप करता येत नसे, त्यामुळं ते काम माझ्या गळ्यात पडलं. टाइप मी करायची आणि काय लिहायचं ते सर जिन्यात उभं राहून वर्गात शिकवल्यासारखं सांगायचे.

ब्राझीलच्या कन्नडनं कळवलं, की इथं मोठ्या इमारतीत दोन लिफ्ट असतात, एक राहणाऱ्यांची आणि एक कामवाल्यांची. सर तळमळले. "बघा! आपल्याकडं निदान जिना तरी एकच आहे."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "लिफ्ट नाही म्हणून एकच आहे!"

मस्कतच्या लासूर स्टेशननं सांगितलं, "सर, चहा सगळे एकाच टपरीवर पितो. पण मजुरांची बस वेगळी, राहायचं वेगळं, आणि उन्हात फक्त ते." सरांनी काळी लावली. जपानमध्ये शाळेतली पोरं आपला वर्ग आपणच झाडतात म्हणून लाल. स्वीडनच्या बिडकीननं लिहिलं, "सर, इथं आमचा साहेब स्वतःचा कप स्वतः धुतो. झाडणारे काका आमच्याच टेबलावर बसतात. पण ते बाहेरच्या देशातून आलेत. त्यांच्याशी कुणी बोलत नाही." या उत्तरानं सरांचं जेवण गेलं. दोन दिवस ते जिन्यात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंची कात्री घेतली आणि स्वीडनला अर्धी लाल आणि अर्धी काळी टिकली जोडून लावली.

हे सगळं नकाशापुरतं राहिलं असतं तर काकूंना चाललं असतं. पण सर बाहेरही तसेच. एकदा बीड बायपासवरच्या एका लॉनवर लग्न होतं, काकूंच्या भाच्याचं. पहिल्या पंगतीत सरांचं ताट वाढलेलं, आणि सर गायब. शोधाशोध झाली तेव्हा ते जनरेटरच्या मागं बँडवाल्यांच्या शेजारी मांडी घालून जेवत होते. मुलीचे वडील धावत आले, हात जोडून म्हणाले, "सर, आमचं मानपानात काही चुकलं का?"

"छे, छे! जिलबी इकडंही तीच आहे का, तेवढं बघायला आलो होतो."

इकडं जिलबीच नव्हती. मग त्या बिचाऱ्या बापानं घाम पुसत परात मागवली. काकू घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत आणि नंतर आठ दिवस फक्त माझ्यामार्फत बोलल्या.

मॉलमध्ये गेले तर सर दुकानात शिरत नसत. दारातल्या वॉचमनला विचारत, "बसायला खुर्ची देतात का?" एकदा त्यांनी खुर्चीसाठी मॅनेजरकडं अर्ज लिहायला काढला, तर वॉचमनच घाबरला. "साब, कुर्सी की बात नक्को निकालो. खडे रहने काच पगार है मेरा." सरांनी अर्ज खिशात घातला. परत येताना रिक्षात त्या अर्जाची घडी परत परत उघडून बघत होते. म्हणाले, "पाचोड, आपण दुसऱ्यासाठी खुर्ची मागायच्या आधी त्याला विचारत का नाही?"

नकाशावर एकच टिकली बाकीच्यांपेक्षा मोठी होती. आपल्या शहरावरची. रुपयाएवढी, लालभडक, काकूंची लग्नसमारंभाला लावायची. नकाशा भिंतीवर चढला त्या दिवशी सरांनी सगळ्यात आधी तीच लावली होती. "सुरुवात स्वतःच्या घरापासून," असं म्हणून. आल्यागेल्याला ते अभिमानानं दाखवायचे.

त्या घरात गयाबाई धुणंभांडी करायला यायच्या. सरांची मुलगी फ्रॉकात होती तेव्हापासून. आणि त्यांचा कप मागच्या मोरीच्या खिडकीत, गजांच्या आत ठेवलेला असायचा. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मला तो खोलीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसला, वाळत घातलेला टॉवेल काढायला गेले तेव्हा. मला पाहताक्षणी कळलं, कारण तसलाच गिलास मी लहानपणापासून बघत आले होते. कान तुटला म्हणून तो कप बाजूला पडलेला नव्हता, आणि गयाबाई गरीब होत्या म्हणूनही नव्हता. आपल्याकडं त्याला एकच कारण असतं आणि ते जात हेच असतं.

मी सरांना बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? माझी पाचोडची टिकली वर लावलेली होती.

जोहान्सबर्गहून एकदा निरोप आला. तिथं गेलेल्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, की मी ज्या घरात भाड्यानं राहतो तिथं कामवाल्या बाईचा टिनचा मग आणि ताटली कपाटाखाली वेगळी ठेवलेली आहे. सरांचा आवाज चढला. "बघा पाचोड, माणूस तुमचं अन्न शिजवतो, तुमची लेकरं सांभाळतो, आणि त्याचा मग वेगळा! ही माणसं आरशात स्वतःचं तोंड कसं बघत असतील?" दहा मिनिटं ते बोलत होते. गयाबाई जिना पुसत होत्या. सरांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून त्यांनी बादली सरकवली आणि म्हणाल्या, "टिनचा हाय म्हंजे फुटत नाय. बरं हाय की."

सर म्हणाले, "गयाबाई, प्रश्न फुटण्याचा नाही!"

"व्हय, व्हय," म्हणत गयाबाई पुढची पायरी पुसायला लागल्या. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मग काकू पुण्याला गेल्या, मुलीच्या बाळंतपणाला. सरांना जेवणाचा डबा लावून दिला. पण चहाचं काय? उभ्या आयुष्यात सरांनी चहा केलेला नव्हता. चहा बैठकीत यायचा आणि ते प्यायचे, एवढंच त्यांना ठाऊक. तिसऱ्या दिवशी टपरीच्या चहाला कंटाळून त्यांनी स्वतःच करायचं ठरवलं. नळाला पाणी यायचा दिवस होता. मी खाली बादल्या भरत होते. स्वयंपाकघरातून हाक आली, "पाचोड! आधी दूध की आधी पाणी?"

अर्ध्या तासानं सर ट्रे घेऊन बाहेर आले. तीन कप, काकूंच्या रोजच्या सेटमधले. एक मला दिला आणि एक गयाबाईंपुढं धरला. "घ्या गयाबाई. माझ्या हातचा पहिला चहा."

गयाबाई पदराला हात पुसत उठल्या, मागं गेल्या, खिडकीतला कप काढला, नळाखाली विसळला आणि लांबूनच पुढं धरला. "ह्यात ओता, सर."

"का? हा धुतलेला आहे."

"धुतल्याला हाय ओ. पर ह्यो माझा हाय."

सरांच्या हातात ट्रे होता. ते त्या कानतुटक्या कपाकडं बघत राहिले. मग खिडकीकडं बघितलं. कप ठेवून ठेवून गजाजवळ एक गोल डाग पडला होता, त्याच्याकडं बघितलं.

"किती वर्षं झाली?"

"ताई फ्राकात व्हत्या तवापासून."

"मग मला कसं दिसलं नाही?"

गयाबाईंनी अगदी साधेपणानं सांगितलं, "तुमी हिकडं आलातच कवा, सर?"

सर माझ्याकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि जिन्यात गेले. मी मागं गेले तर ते नखानं ती मोठी टिकली खरवडत होते. इतक्या वर्षांचा डिंक, निघेना. शेवटी निघाली तेव्हा कागदच सोलून आला. शहर तर गेलंच, सोबत निम्मं खुलताबादही गेलं. तिथं पांढरा धब्बा राहिला.

त्याच दिवशी त्यांनी मला सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवायचा निरोप सांगितला. मी टाइप केला. तो मला अजून पाठ आहे. "मित्रहो, माझ्या घराची लाल टिकली खोटी निघाली. मी जगाची चौकशी केली, पण माझ्या स्वयंपाकघरात कधी गेलो नव्हतो. तुम्हीही आपापल्या घरी एकदा जाऊन बघा. आणि यापुढं चहा देणाऱ्याला विचारू नका, पिणाऱ्याला विचारा."

पाठवून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पाचोडचं बरोबर आहे ना?"

"हो सर," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा! तेही त्यांचा तो चेहरा बघून! देवा, आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मग उत्तरं यायला लागली. मस्कतहून लासूर स्टेशनचा आवाज आला. "सर, साइटवरचं मी खरं सांगितलं होतं. पण आमच्या लासूरच्या घरचं खोटं सांगितलं. आमच्या हमालांचा माठ वेगळा आहे." बिडकीन स्वीडनहून म्हणाली, "सर, आई इकडं आली की इथली माणसं तिला टेबलावर मानानं बसवतात. आणि माझी आई गावाकडं गडीमाणसाला अंगणात बसवते. मी काय तोंड दाखवू?" अशी कितीतरी. एक-एक निरोप वाचायचा, लाल टिकली काढायची आणि काळी लावायची. हे काम माझ्याकडं होतं. दुसऱ्यांच्या गावांना मी स्वतःच्या बोटानं काळं लावत होते, आणि पाचोड तेवढं लाल होतं.

काकू परत आल्या त्या दिवशी सरांनी काही तक्रार केली नाही. दुपारी काकूंनी चहा ठेवला, तेव्हा सर उठून मोरीकडं गेले, खिडकीतला कप आणला आणि ओट्यावर ठेवला. "आजपासून माझा चहा यात."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, तो कुणाचा आहे माहीत आहे का?"

"आता माहीत झालं."

चार दिवस असं चाललं. सर त्या कानतुटक्या कपातून चहा प्यायचे आणि हात भाजून घ्यायचे, कारण त्याला धरायला कानच नव्हता. काकू चहा ओतून देवघरात जाऊन बसायच्या. आणि गयाबाई वेगळ्याच रागावल्या होत्या. "ह्ये काय वो सर? माझा कप घेऊन बसलात. मी कशात पिऊ? ओंजळीत?"

"त्या कपाटातल्या कुठल्याही कपात प्या."

"काकू देतील तवा पीन. तुमच्या दोघांच्या भांडणात मला नका घालू. मला ह्या घरात यायचंय रोज."

मला वॉचमन आठवला. सरांनाही आठवला असावा, कारण ते एकदम खुर्चीत बसले. पाचव्या दिवशी काकूंचा बांध फुटला. "गयाबाईच्या धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात हिच्या उशाशी बसले होते. तुम्ही परीक्षेचे पेपर तपासत होतात! तेव्हा कुठं होती हो तुमची टिकली? तो कप सासूबाईंनी ठेवला होता तिथं. मी नाही ठेवला." मग आवाज खाली आला. "मी फक्त हलवला नाही."

काकूंनी डोळे पुसले, बैठकीतल्या शोकेसचं दार उघडलं आणि त्यांच्या रुखवतातला सोनेरी काठांचा सेट बाहेर काढला. मुलीच्या सासरच्यांनासुद्धा त्यातून कधी चहा मिळाला नव्हता. सगळे कप त्यांनी धुतले. चार भरले. "घ्या. सगळ्यांना एकच. आणि ओतताना माझं बोट भाजलंय, कुणी तरी ट्रे धरा."

गयाबाईंनी कप घेतला. बसल्या मात्र उंबऱ्यालगत, फरशीवरच. सर म्हणाले, "खुर्चीवर बसा." त्या म्हणाल्या, "इथं बरं हाय." मग सर आपले दुखरे गुडघे घेऊन कण्हत-कण्हत त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. चहा झाला, पण सरांना उठता येईना. शेवटी एका बाजूनं गयाबाई आणि दुसऱ्या बाजूनं काकू, असं दोघींनी मिळून त्यांना ओढून उभं केलं. तेव्हा तिघंही हसायला लागले. त्या घरात इतकं मोठ्यानं हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नंतर सर गयाबाईंना जिन्यात घेऊन गेले. पांढरा धब्बा दाखवला. हातात दोन टिकल्या, एक लाल आणि एक काळी. "पिणाऱ्याला विचारायचं असं ठरलंय. तुम्ही सांगा, कोणती लावू?"

गयाबाईंनी नकाशा नीट निरखला. इतकी वर्षं त्याच्याखालची पायरी पुसत होत्या, वर बघायची वेळ आली नव्हती. म्हणाल्या, "काळी नगं. काकूंनी लई केलंय माझं. लालबी नगं इतक्यात. ऱ्हाऊ द्या मोकळं. बघू."

आणि ते मोकळंच राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली आणि खोली सोडायची वेळ आली. सर जिन्यापर्यंत आले. बॅग हातात घेऊन मी नकाशापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, पाचोडची टिकली खोटी आहे. पहिल्या दिवसापासून." एवढं बोलले आणि रडायलाच लागले. चांगली घोडी झालेली मी, हुंदके देऊन रडले.

सर म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही दुसऱ्यांदा हो म्हणालात तेव्हापासून. फार लवकर आलं ते उत्तर. मी माझी टिकली लावली, तेव्हा माझंही असंच लवकर आलं होतं."

"मग काढली का नाही?"

"माझी मी काढली. तुमची तुम्ही काढायची. पण आज नको. आधी मामांना विचारून या, मग फोन करा."

मी पुण्याच्या गाडीऐवजी पाचोडची एसटी धरली. घरी गेले तर दुपारचा चहा उकळत होता. आईला म्हणाले, तू बस, मी गाळते. आमच्या रोजच्या कपबश्यांतल्या तीन भरल्या. सुखदेवमामा नेहमीसारखे गोठ्याच्या भिंतीजवळ उभे होते. मी ओट्यावर कप ठेवला. "मामा, या. इथं बसा."

त्यांनी कपाकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि काळजीनं विचारलं, "माझा गिलास फुटला का गं, ताई?"

चांगला कप पुढं येण्याचं दुसरं काही कारण त्या माणसाला सुचलंच नाही. कोनाड्यात गिलास धडधाकट होता.

"हो मामा, फुटला," मी म्हणाले.

मामा ओट्याच्या कडेला टेकले न टेकले असे बसले, चहा घाईघाईनं प्यायले आणि शेताकडं गेले. मी कोनाड्यातून गिलास काढला. मागं आई येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातून तो घेतला. मला वाटलं, परत ठेवतेय. तिनं तो धुण्याच्या दगडावर सोडून दिला. काचा झाल्या. झाडू घेता घेता म्हणाली, "आता तू खोटी नको पडू."

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग मी भीत-भीत विचारलं, "सर, आता लाल राहू द्यायची का?"

"मामा कुठं बसले होते?"

"ओट्यावर. कडेला."

"टेकून?"

"नाही सर. अर्धवट उठल्यासारखे."

"मग मी टिकली काढतो, तुमच्या वतीनं," सर म्हणाले. "टेकून बसले की फोन करा."

मी पुण्याहून दर फेरीला बघायची. मामा रोज ओट्यावर चहा प्यायला लागले होते, आई रोज देत होती, पण बसायचे कडेला. सर प्रत्येक फोनवर आधी तेच विचारायचे, "टेकले का?" मी म्हणायची, "अजून नाही, सर." ते म्हणायचे, "घाई करू नका. म्हाताऱ्याला ढकलू नका." मागच्या वर्षी सर गेले. शेवटच्या फोनवरही हेच बोलणं झालं.

परवा मी पाचोडला होते. आईनं चहा आणला. सुखदेवमामा आईशी बैलांवरून वाद घालत होते. घालता घालता त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, पाय लांब केले आणि म्हणाले, "वहिनी, साखर कमी झालीय आज." आई म्हणाली, "आणते," आणि उठली.

मी मोबाइल उचलला, सरांचं नाव काढलं, आणि मग आठवलं. नंतर काकूंना फोन लावला.

"काकू, घरात टिकल्यांचं पाकीट आहे का?"

"आहे की. मी टिकली लावायची सोडलेली नाही, बजावून गेलेत ते. पण तुला गं कशाला? कुणाला लावायचीय?"

"पाचोडला," मी म्हणाले.